चिठ्ठी लिहिणारा, गोळी देणारा

हिंगोलीच्या बाजारात ‘मधुमेह’ म्हणालात तर समोरचा क्षणभर अडखळतो. ‘शुगर’ म्हणालात की लगेच कळतं. ‘तिला शुगर आहे’, ‘त्याची शुगर वाढली’, ‘मला शुगर निघाली’. विहीर खणताना खडक निघावा तशी ती निघते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा शहरातल्या, खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचा आजार समजला जायचा. आता सेनगाव-कळमनुरीकडच्या गावांत हळद काढायला जाणाऱ्या बाईच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी गोळ्यांची स्ट्रिप असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आकडा इतका मोठा की त्याचं काही वाटेनासं होतं.

मला बोलायचंय ते गोळीबद्दल. ती कागदावर लिहिणं आणि ती हातात देणं, या दोन साध्या कृतींबद्दल. आणि सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं तरी माणसाला इजा झाली, तर त्याचं उत्तर कुणी द्यायचं, याबद्दल.

आधी ही गोळी येते कशी ते बघू. गावात आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचे फॉर्म भरते. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बोट टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघतात. (उपकेंद्राच्या पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलंय. लोक अजून दवाखानाच म्हणतात.) आकडा जास्त आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. तिथले वैद्यकीय अधिकारी गोळी लिहितात, खिडकीतून औषधनिर्माता ती देतो, आणि सगळं ठीक असेल तर पुढच्या महिन्यापासून तीच गोळी गावातल्या उपकेंद्रातून मिळत राहते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. कागदावर ही रचना चांगली आहे, आणि खरं सांगायचं तर कागदाबाहेरही ती बऱ्यापैकी चालते. तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण ही एकच साखळी नसते. तालुक्याला एक खाजगी डॉक्टर असतो, नांदेडला एक मोठा दवाखाना असतो, बसस्टँडसमोर एक मेडिकल असतं, आणि घरी एक नातू असतो ज्याला इंग्रजी वाचता येतं. म्हातारी माणसं या सगळ्यांकडे जातात. कुठे बरं वाटलं, कुठे गाडी मिळाली, कुठे जावई ओळखीचा निघाला, यावर ठरतं कुठे जायचं ते. प्रत्येक ठिकाणी एक वेगळी गोळी मिळते.

साखरेच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ही गोष्ट डॉक्टरला ठाऊक असते, औषधनिर्मात्याला ठाऊक असते, आणि जो ती रोज गिळतो त्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेली नसते. मेटफॉर्मिन ही मोठी पांढरी गोळी. ती एकटी घेतली तर साखर धोकादायक खाली सहसा जात नाही. पोट बिघडतं, मळमळतं. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ती द्यायची नसते, म्हणून अधूनमधून क्रिएटिनिन तपासावं लागतं. दुसरी ग्लिमेपिराइड, बारकी गोळी. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात भाकरी गेली आहे की नाही याची वाट बघत नाही. जेवण झालं असेल तर ती औषध. जेवण राहिलं असेल, दिवसभर उन्हात काम झालं असेल, वय सत्तरीचं असेल आणि मूत्रपिंड थकलेलं असेल, तर तीच गोळी माणसाला बेशुद्ध करू शकते. तिच्याच कुळातली जुनी ग्लिबेनक्लॅमाइड तर म्हाताऱ्यांसाठी इतकी घातक ठरली, की जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत साठीवरच्यांना ती योग्य नाही अशी टीप आहे.

माझ्या आजीकडे मागच्या हळदीच्या हंगामात दोन स्ट्रिपा होत्या. एक तालुक्याच्या खाजगी डॉक्टरची, चकचकीत, कंपनीचं नाव असलेली. दुसरी सरकारी दवाखान्याची, साधी, कात्रीने कापलेली, त्यामुळे तिच्यावर अर्धंच नाव राहिलेलं. आजीच्या हिशोबाने ही दोन वेगळी औषधं होती. एक ‘डॉक्टरची’ आणि एक ‘सरकारी’. एका सकाळी ती घामाने भिजलेली, हात थरथरणारी, असंबद्ध बोलताना सापडली. घरातल्या एकाने ‘बाहेरचं’ काही आहे म्हणून लिंबू आणायला सांगितलं. शेजारच्या काकूंना स्वतःला शुगर असल्यामुळे त्यांनी लिंबाआधी साखरेचं पाणी आणलं, म्हणून आजी आज आहे. नंतर मी दोन्ही स्ट्रिपांवरची बारीक अक्षरं फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली. चकचकीत गोळीत ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन. सरकारी गोळीत ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. नावं दोन, औषध एकच, आणि पोटात रोज दुप्पट.

(इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कुणाच्या तरी कामी येईल. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं आणि मग जेवायला घालायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि या बारक्या गोळीने साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवायचंच.)

घरात अर्थातच चूक कुणाची यावर दोन दिवस बैठक बसली. काका म्हणाले, सरकारी डॉक्टरची. वडील म्हणाले, खाजगीची. आत्या म्हणाली, आजीचीच, दोन-दोन दवाखाने कुणी सांगितले होते? मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. सरकारी दवाखान्यात आजीला विचारलं होतं, ‘आज्जी, गोळ्या चालू आहेत का?’ आजी म्हणाली होती, ‘हो, चालूच हायेत की.’ विचारणाऱ्याच्या मनात त्यांच्या खिडकीतून दिलेल्या गोळ्या होत्या. आजीच्या मनात सगळ्याच. प्रश्न बरोबर, उत्तरही खरं. आणि मधल्या फटीत चार मिलिग्रॅम.

अशा फटीवर कोर्टानेही डोकं खपवलंय. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये एका माणसाच्या छातीत जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरने चिठ्ठीत अमॉक्सिल लिहिलं, म्हणजे साधं प्रतिजैविक. अक्षर असं, की औषधनिर्मात्याला ते डाओनिल वाटलं. डाओनिल म्हणजे वर सांगितलेली ग्लिबेनक्लॅमाइडच. शुगर नसलेल्या माणसाने शुगरची गोळी दिवसातून तीनदा घेतली आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. डॉक्टरच्या बाजूने युक्तिवाद असा झाला की अक्षर वाईट होतं हे मान्य, पण औषधनिर्मात्याने थांबायला हवं होतं. डाओनिल २५० मिलिग्रॅममध्ये येतच नाही. दिवसातून तीनदा कुणी देत नाही. शिवाय तिथे मधुमेहींना औषधाचे पैसे पडत नाहीत आणि हा माणूस पैसे द्यायला तयार होता. इतक्या खुणा समोर असताना त्याने चिठ्ठी परत का पाठवली नाही? न्यायालयाने हे मान्य केलं, तरी डॉक्टरला सोडलं नाही. वाईट अक्षर कुणीतरी चुकीचं वाचेल हे त्याला कळायला हवं होतं. निकाल लागला तो असा: औषधनिर्माता ७५ टक्के जबाबदार, डॉक्टर २५ टक्के.

पहिल्यांदा हा निकाल वाचला तेव्हा मला तो फार समाधानकारक वाटला. नेटका हिशोब. आता तो मला अपुरा वाटतो. न्यायालयाला पैशांची वाटणी करायची होती, आणि वाटणी करायची तर टक्के लागतातच. पण मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, दोष आणि जबाबदारी, आणि आपण ते एकाच अर्थाने वापरून घोळ घालतो. दोष घडून गेल्यावर येतो. तो वाटता येतो, पंचवीस-पंच्याहत्तर, पन्नास-पन्नास. जबाबदारी घडण्याआधी असते, आणि तिची वाटणी झाली की ती संपते. खिडकीतल्या माणसाने ‘माझी जबाबदारी ७५ टक्के’ असं म्हणून चिठ्ठीकडे ७५ टक्के लक्ष दिलं तर काय होईल, विचार करा. लिहिणाऱ्याने असं लिहायला हवं की जणू पुढे तपासणारा कुणी नाही. देणाऱ्याने असं बघायला हवं की जणू मागे कुणी तपासलेलंच नाही. दोघांवर पूर्ण.

यावर एक खणखणीत आक्षेप आहे. सगळ्यांवर पूर्ण जबाबदारी म्हणजे व्यवहारात कुणावरच नाही. सामायिक बांधावरचं गवत कोण काढतं? अमेरिकी राजकीय विचारवंत डेनिस थॉम्पसन यांनी १९८०मध्ये सरकारी निर्णयांबद्दल लिहिताना याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हटलं. एखाद्या निर्णयात इतके लोक गुंतलेले असतात की शेवटी बोट दाखवायला कुणी सापडत नाही. त्यांचा विषय मंत्री आणि अधिकारी हा होता. पण आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात उभं राहिलं की तोच प्रश्न प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला दिसतो.

आक्षेप मला मान्य आहे, म्हणून मी माझं म्हणणं थोडं घट्ट करतो. जबाबदारी पूर्ण असली तरी काम नेमकं असायला हवं. जो नवी गोळी लिहितो त्याने जुन्या विचारायच्या. ‘चालू आहेत का’ असं विचारून भागत नाही. ‘पिशवी दाखवा’ म्हणायचं. जो देतो त्याने पिशवी उघडायची. पिशवी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमच्याकडे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे एक पिशवी असते, त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, एक्स-रे, जुने केसपेपर आणि सगळ्या स्ट्रिपा असतात. ती रिकामी करून टेबलावर मांडली की दोन मिनिटांत कळतं कोणती गोळी दोनदा आहे, कोणती संपलेली नाही म्हणजे घेतलीच जात नाही, आणि कोणती मुळात शेजारणीची आहे.

दोन मिनिटं. इथेच सगळं अडतं. खिडकीसमोर रांग आहे, आतला माणूस एकटा आहे, त्याला साठ्याचं रजिस्टर भरायचंय, ऑनलाइन नोंद करायचीय, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईची परतीची गाडी बारा वाजता आहे. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांनुसार औषधनिर्मात्याने प्रत्येक चिठ्ठी तपासावी, रुग्णाला समजावून सांगावं अशी अपेक्षा आहे. डॉक्टरने औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हेही २०१६पासून वैद्यक परिषदेच्या नियमांत आहे. नियम चांगले आहेत. ते पाळायला लागणारी दोन मिनिटं कुठून आणायची, हे नियमात लिहिलेलं नाही.

आणि वेळेपेक्षा अवघड एक गोष्ट आहे. समजा औषधनिर्मात्याला दिसलं की ही गोळी दोनदा होतेय, किंवा या वयाला हा डोस जास्त आहे. त्याने चिठ्ठी परत आत पाठवायची. म्हणजे साहेबांच्या टेबलावर जाऊन, दहा लोकांसमोर म्हणायचं, ‘सर, हे एकदा बघता का?’ ज्यांनी सरकारी कचेरीत पाच मिनिटं काढली आहेत त्यांना कळेल हे वाक्य किती जड असतं. काही साहेब ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणतात. काही नुसते बघतात. त्या नुसत्या बघण्यानंतर माणूस पुढच्या वेळी उठत नाही, आणि त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटत नाही. शेवटच्या हाताकडून धैर्याची अपेक्षा करायची असेल तर ते धैर्य स्वस्त करून द्यायला हवं. चिठ्ठी परत पाठवणं हा अपमान नसून रोजचा भाग आहे, महिन्याला चार-पाच चिठ्ठ्या परत आल्याच नाहीत तर कुणी बघतच नाहीये, असं आरोग्य केंद्राच्या प्रमुखानेच म्हणायला हवं. हे काम पगार वाढवून होत नाही आणि परिपत्रक काढून तर मुळीच होत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे घरच्या बैठकीत शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तू एखादं ॲप का नाही बनवत?’ खरं तर हे काम तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ आहे. कंपनीच्या नावावरून मूळ औषध शोधायचं, दोन याद्या ताडून बघायच्या, एकच नाव दोनदा आलं तर लाल अक्षरं दाखवायची. कॉलेजचा पोरगा एका दुपारी लिहील. अडचण माहितीची आहे. सरकारी नोंदीला सरकारी गोळी माहीत. मेडिकलच्या बिलाला मेडिकलची गोळी माहीत. आभा क्रमांकाने हे सगळं एक दिवस जोडलं जाईल असं म्हणतात. जाईलही. सध्या दोन्ही नोंदी जिथे खरोखर एकत्र येतात अशी एकच जागा आहे, ती आजीची पिशवी.

शिवाय लाल अक्षरांबद्दल माझा धंदा करून झालेला भ्रमनिरास वेगळाच. दर तिसऱ्या चिठ्ठीला इशारा यायला लागला की बोट आपोआप ‘ठीक आहे’वर जातं. तुम्ही फोनवर कुकीजच्या परवानग्या कशा देता ते आठवा. आणि एकदा इशारा दाखवला की सॉफ्टवेअर बनवणारा सुटला. नोंदीत राहतं ते असं: यांना सांगितलं होतं, यांनीच पुढे जा म्हटलं. बऱ्याच सुरक्षा-यंत्रणा दोष कुठे टाकायचा याची व्यवस्था आधीच करून ठेवतात, आणि तिला सुरक्षा म्हणतात. खाजगी दवाखान्यात सही करून घेतलेल्या संमतिपत्रांचंही बऱ्याचदा तेच असतं.

आकड्यांचीही अशीच एक गंमत आहे. ग्लुकोमीटरवर २४० दिसलं की लिहिणाऱ्याचा हात गोळी वाढवायला जातो. आकडा खाली आणणं म्हणजे रुग्णाचं भलं, असं सगळ्यांनाच वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. इंग्लंडमधल्या वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासाने १९९८मध्ये दाखवलं की साखर नीट ताब्यात ठेवली तर डोळे-मूत्रपिंडांची हानी कमी होते. पण २००८मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ॲकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासातला साखर जोर लावून उतरवण्याचा भाग मध्येच थांबवावा लागला. १०,२५१ माणसं होती. ज्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सहाच्या खाली नेण्याचा जोर लावला होता, त्या गटात २५७ माणसं मेली. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात २०३. म्हणजे आकडा चांगला होत होता आणि माणसं जास्त मरत होती. त्यानंतर जगभर हा सल्ला रुळला की म्हाताऱ्या, थकलेल्या, इतर आजार असलेल्या माणसाची साखर थोडी वर राहिली तरी चालेल. खाली पडण्याचा धोका मोठा.

हा सल्ला समजायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. वर राहिलेली साखर अहवालात दिसते. ‘नियंत्रणात नाही’ या रकान्यात ती जाऊन बसते आणि वरून विचारणा होते. पहाटे तीनला घामाघूम होऊन उठलेली म्हातारी कुठल्याच रकान्यात नसते. वाढलेली साखर दहा वर्षांनी डोळे घेऊन जाते, उतरलेली साखर आजच्या रात्री जीव घेऊ शकते. यातलं एक टाळण्यासाठी दुसऱ्याचा धोका कुणी, कुणाच्या वतीने पत्करायचा? डॉक्टरने? माझं मत, जिच्या अंगावर ते होणार आहे तिला विचारल्याशिवाय कुणीच नाही. आणि ‘तिला काय कळतंय’ हे वाक्य मला पटत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं कोरडवाहू शेती केली आहे, तिला धोक्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त तिच्या भाषेत विचारायला हवं.

तिच्या भाषेत म्हणजे उदाहरणार्थ उपासाबद्दल. ‘गोळी चुकवायची नाही’ हे प्रत्येक डॉक्टर सांगतो, आणि ते चांगल्या मनाने सांगतो. आता एकादशी आली. बाईने जेवण सोडलं, पण गोळी सोडली नाही, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. बारकी गोळी, रिकामं पोट. दरवर्षी शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते. तिच्यात चालणाऱ्या किती जणांच्या कमरेला शुगरच्या गोळ्या असतील, आणि दिवसाला किती कोस चालून त्या घेतल्या जात असतील? रमजानमध्ये वसमत-हिंगोलीच्या मोहल्ल्यांत हाच प्रश्न उलट्या वेळापत्रकाने येतो. गोळीची वेळ आणि मात्रा आधी बदलून घेता येते, काहींनी रोजा किंवा उपास न धरणंच बरं असतं. पण त्यासाठी कुणीतरी आधी विचारायला हवं, ‘मावशी, उपास कोणकोणते असतात?’ केसपेपरवर हा प्रश्न नाही. तंबाखू आहे, दारू आहे, उपास नाही. मराठवाड्यात बसून केसपेपर तयार केला असता तर उपास वरच्या ओळीत आला असता.

आमच्याच जिल्ह्यात नर्सी आहे, नामदेवांचं जन्मस्थान म्हणून ओळखलं जाणारं. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कीर्तनात ती सर्वांभूती देव यासाठी सांगतात. मला तिच्यातली दुसरी बाजू आवडते, कीर्तनकारांनी माफ करावं. पोळी गेली, विषय संपला असं त्यांनी धरलं नाही. ती कोरडी पोळी आता घशाखाली कशी उतरणार, हा त्यांचा प्रश्न होता. खिडकीतून गोळी बाहेर गेली की रजिस्टरच्या दृष्टीने वाटप झालं. ती घशाखाली कशी, कधी, कशासोबत उतरणार, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

इन्सुलिनच्या बाबतीत तर तो शब्दशः मापाचा असतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०. पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. लाल आणि केशरी! मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी हा फरक ओळखायचा. लाल सिरिंजमध्ये १०० युनिटवालं इन्सुलिन ओढलं तर आकडा तोच दिसतो आणि अंगात अडीचपट जातं. १९९९मध्ये, ज्या वर्षी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, नासाचं एक यान मंगळाजवळ नष्ट झालं, कारण एका गटाने पौंडात आणि दुसऱ्याने न्यूटनमध्ये हिशोब केला होता. तिथे जगातले हुशार अभियंते होते. इथे एकटी बाई आहे आणि लाइट गेलेली आहे. सिरिंज देणाऱ्याने बाटली बघितल्याशिवाय सिरिंज देऊ नये, एवढी अपेक्षा मला जास्त वाटत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सरळ आहे, शंका आली की द्यायचंच नाही. मला सगळ्यात जास्त भीती या उत्तराची वाटते. सुरक्षिततेच्या नावाखाली नकार देणं फार सोपं असतं. क्रिएटिनिनचा रिपोर्ट नाही, परत जा. जुना कागद आणला नाही, परत जा. आज साहेब नाहीत, सोमवारी या. प्रत्येक नकाराला नियमाचा आधार असतो आणि देणारा निर्दोष राहतो. पण ती बाई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. सोमवारी ती येत नाही. महिनाभर गोळी बंद राहते, नंतर पायाची जखम चिघळते, आणि तिच्या पायाचा हिशोब कुणाच्याच नावावर लागत नाही. दिल्याने झालेली इजा दिसते, तिला हात असतो. न दिल्याने झालेल्या इजेला हात नसतो. म्हणून नोकरीतला शहाणा माणूस दुसऱ्या प्रकारची इजा निवडतो. मी हे समजू शकतो, पण याला सावधपणा म्हणायची माझी तयारी नाही.

माझा एक मित्र बीएएमएस आहे, आणि एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. त्याला मी हे सगळं ऐकवलं तर तो हसला आणि म्हणाला, तुझं सगळं म्हाताऱ्यांवर चाललंय, माझा प्रश्न वेगळा आहे. दसरा झाला, रामलीला मैदानावरची गर्दी पांगली, की त्याच्या गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येणार मार्च-एप्रिलात. त्यात चाळिशी-पंचेचाळिशीचे, शुगर निघालेले लोक असतात. पहाटे चारला फडात उतरायचं, जेवण कधी दहाला कधी दुपारी, दिवसभर कोयता. हे लोक निघायच्या आदल्या दिवशी येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, पाच महिन्यांच्या द्या.’

‘मग तू काय करतोस?’

‘पीएचसीच्या सरांशी फोनवर बोलून घेतो. मेटफॉर्मिन असेल तर सर जितकी देता येईल तितकी द्यायला सांगतात. बारकी गोळी असेल तर सरांना आधी विचारतो, ती कमी करता येते का, बंद करता येते का. नाहीच जमलं तर महिनाभराची देतो आणि सांगतो, ज्या दिवशी भाकरी उशिरा त्या दिवशी गोळी पण उशिरा, भाकरी नाही तर गोळी नाही. मुकादमालाही सांगतो, हा घामाघूम होऊन बरळायला लागला तर दारू प्यालाय समजू नको, साखर दे.’

‘आणि महिन्यानंतर?’

‘तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं.’

‘तिथे ह्याला ओळखणार कोण?’

तो म्हणाला, स्ट्रिप कापताना तो आता नावाची बाजू त्यांच्याकडे ठेवतो, आणि वर पेनने मराठीत लिहून देतो, ‘साखरेची. जेवणाआधी. उपाशी नाही.’ पेनची शाई चकचकीत कागदावर टिकत नाही म्हणून या वर्षी त्याने स्वतःच्या पैशांनी मार्कर आणलाय.